दासी जनी आणि परचित्तज्ञान

गोदावरीच्या तीरावरील गंगाखेड हें परभणी जिल्ह्यांतील गांव जनाबाईचें माहेर. परंपरा सांगते कीं, लहानपणींच बापानें तिला पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं ठेविलें, आणि त्यांच्या मुलास, म्हणजे नामदेवास (१२७०–१३५०), तिनेंच अंगाखांद्यावर खेळविलें. पुढें त्या घरचें दळणकांडण हेंच तिचें आयुष्य झालें.

योगशास्त्रानें परचित्तज्ञान ही सिद्धि मानिली आहे. पण तिचा एक साधा प्रकार चार माणसांत राहणाऱ्या प्रत्येकाच्या ठायीं असतो. १९८३ सालीं विमर व पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनीं लहान मुलांस एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नांवाचा मुलगा चॉकलेट एका कपाटांत ठेवून बाहेर जातो. मागाहून आई तें दुसऱ्या कपाटांत ठेवते. परत आल्यावर तो तें कोठें शोधील? तीन वर्षांचें मूल बहुधा खऱ्या जागेकडे बोट दाखवितें. सहासात वर्षांचें मूल मात्र मॅक्सीची चुकीची समजूत बहुधा बरोबर ओळखतें. अशा वेळीं मेंदूंतील, कानाच्या वरच्या-मागच्या बाजूचा एक भाग विशेष जागृत होतो, असें सॅक्स व कॅनविशर यांनीं २००३ सालीं दाखविलें.

परंतु कोणी कोणाचें मन ओळखावयाचें, हें मेंदू ठरवीत नाहीं. तें घर ठरवितें. धन्याचा राग, धनिणीची नड, पाहुण्याची भूक दासीस न सांगतां कळावी लागते. दासीच्या मनांत काय आहे हें जाणण्याची निकड कोणासच नसते. नामदेवाच्या घरीं तिचा छळ झाला असें मला म्हणावयाचें नाहीं. चाकरीचा हा स्वभावच आहे.

जनीच्या नांवावरील अभंगांत मागाहूनची भर असेलहि. पण त्यांतला विठ्ठल एकच आहे. तो जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, शेणी वेंचतो, तिची वेणी घालतो. भाविक यास चमत्कार म्हणतात. मला विशेष वाटतें तें हें कीं, हा देव काम सांगावयास येत नाहीं. ती थकली आहे हें ओळखून येतो. जन्मभर तिनें दुसऱ्यांकरितां जें केलें, तें येथें कोणी तरी तिच्याकरितां करतो. आणि प्रसंगीं ती त्यास खुशाल शिव्या देते. घरांत ती कोणास असें बोलली असेल, असें वाटत नाहीं.