शहापूर की मुरबाड? कुटुंबासह राहायला जायचं तर काय काय बघावं

कल्याण-डोंबिवलीच्या वन रूम किचनमधून थोड्या मोठ्या घरात जायचं ठरलं की आधी बदलापूर, टिटवाळा पाहिलं जातं. तिथले दरही झेपेनासे झाले की नजर आणखी पुढे सरकते. मग दोन नावं हमखास समोर येतात, शहापूर आणि मुरबाड.

रील्समध्ये दोन्ही गावं सारखीच दिसतात. हिरवे डोंगर, पावसाळी धबधबे, ‘मुंबईपासून हाकेच्या अंतरावर’ असलेला बंगलो प्लॉट. पण सुट्टीच्या दिवशी बघायला जाणं वेगळं आणि वर्षाचे ३६५ दिवस शाळा, नोकरी, दवाखाना, पाणी सांभाळत राहणं वेगळं. इथे घर घेणाऱ्या अनेकांची आयुष्यभराची बचत पणाला लागलेली असते. म्हणूनच या दोन गावांमधला फरक समजून घेऊ.

नकाशावर कुठे आहेत?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यातले शहापूर आणि मुरबाड हे सगळ्यात ग्रामीण. क्षेत्रफळाने शहापूर जिल्ह्यातला सर्वात मोठा तालुका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार होती, तर मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार.

शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही तालुक्याची ठिकाणं आहेत, दोन्हीकडे नगरपंचायत, बाजारपेठ आणि एसटी आगार आहे. मात्र ‘शहापूरला घर’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं आसनगाव, वासिंद, आटगाव, खर्डी या स्टेशनांच्या आसपास असतं. मुरबाडचंही तसंच. कल्याण रस्त्यावरचं घर आणि सरळगाव, टोकावड्याच्या पुढचं घर यांच्या रोजच्या जगण्यात मोठा फरक पडतो. त्यामुळे तालुक्याच्या नावावर न जाता नेमकं गाव विचारणं ही पहिली पायरी.

सगळ्यात मोठा फरक : रेल्वे

शहापूरला लोकल आहे, मुरबाडला नाही.

शहापूरचं स्टेशन म्हणजे आसनगाव. शहापूर गावापासून साधारण ३ किलोमीटर. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर कल्याणपासून आसनगाव ३२ किलोमीटरवर आहे. लोकलने कल्याण पाऊण तासाच्या आसपास आणि सीएसएमटी साधारण दोन तासांवर. रोज जाऊन-येऊन चार तास हा हिशेब हलका नाही, पण मासिक पासावर भागतो. हजारो लोक तो वर्षानुवर्षं करत आहेत.

अडचण अशी की कल्याणच्या पुढे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना प्रामुख्याने त्याच दोन रुळांवर धावावं लागतं. उत्तरेकडे आणि विदर्भाकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस याच मार्गाने जातात. त्यांना वाट द्यायची म्हणून लोकल थांबते. गाड्यांची संख्याही डोंबिवली-ठाण्यासारखी नाही. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. २९ ऑगस्ट २०१७ रोजी वासिंद आणि आसनगावच्या मध्ये नागपूर-मुंबई दुरांतो एक्स्प्रेस दरड आल्याने घसरली, तेव्हा हा मार्ग पूर्ववत व्हायला काही दिवस लागले होते. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका आणि कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका हे यावरचे मंजूर उपाय आहेत.

मुरबाडहून कल्याण रस्त्याने ३० किलोमीटरच्या आसपास. एसटी, शेअर गाडी किंवा स्वतःचं वाहन हेच पर्याय. रस्ता मोकळा असेल तर प्रवास सोपा, पण वरप, म्हारळ, शहाडचा पूल हा शेवटचा टप्पा गर्दीच्या वेळी अक्षरशः घाम काढतो. ज्याला पुढे ठाणे-मुंबई गाठायचंय, त्याची खरी लोकल तिथून पुढे सुरू होते. पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की रायते पुलावरची वाहतूक बंद ठेवावी लागते. जुलै २०२१ च्या पुरात या पुलाचं नुकसान झालं होतं. टिटवाळा-गोवेली आणि बारवीमार्गे बदलापूर हे पर्यायी रस्ते आहेत, पण वळसा पडतो.

याचा अर्थ मुरबाड बाद झालं असं नाही. नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत असेल किंवा कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये असेल, तर लोकल नसल्याने फारसं बिघडत नाही. तसंच वासिंद-आटगाव पट्ट्यातले कारखाने किंवा पडघा-भिवंडीची गोदामं हे कामाचं ठिकाण असेल, तर शहापूर जवळ पडतं.

‘लवकरच येणार’ची किंमत आजच द्यायची का?

मुरबाडला रेल्वे हवी ही मागणी कित्येक वर्षांची आहे. उल्हासनगरमार्गे कल्याण-मुरबाड असा २८ किलोमीटरचा मार्ग मंजूरही झाला आहे. पण मंजुरी, निधी, भूसंपादन, बांधकाम आणि प्रत्यक्ष गाडी यात मोठं अंतर असतं. जाहिरातीत मात्र स्टेशन आधीच उभं राहिलेलं असतं.

शहापूरकडे हीच जादू समृद्धी महामार्गाच्या नावाने चालते. हा ७०१ किलोमीटरचा मार्ग नागपूरहून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत येतो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. त्यामुळे इगतपुरी, शिर्डी जवळ आली हे खरं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. आणि ठाण्याकडे जाताना आमण्याच्या पुढे वडपे-माजिवडा हा नेहमीचा वाहतुकीचा रस्ता आहेच. ज्यांच्या घरात एक स्कूटर आणि दोन रेल्वे पास आहेत, त्यांच्या रोजच्या प्रवासात या महामार्गाने फार फरक पडत नाही.

साधा नियम असा की आज जी सोय आहे तिच्यावर पोट चालतंय का ते बघावं. उद्याची सोय आली तर तो बोनस.

धरण उशाला, कोरड घशाला

ही म्हण शहापूरला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं तानसा आणि त्याहून कितीतरी मोठं भातसा, ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत. एकट्या भातसातून मुंबईचं जवळपास निम्मं पाणी येतं. आणि तरीही दर उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी गावपाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. धरणाचं पाणी खालच्या बाजूला शहराकडे जातं, गावं उंचावर आणि विखुरलेली आहेत आणि कातळात पावसाचं पाणी फारसं मुरत नाही. पावसाळ्यात धो धो कोसळणारं पाणी मार्चनंतर विहिरीत दिसेनासं होतं. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणण्याची योजना याच कारणासाठी हाती घेतली गेली.

मुरबाडची गोष्ट फार वेगळी नाही. बारवी धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली गावं विस्थापित झाली. धरण एमआयडीसीचं, पाणी जातं उद्योगांना आणि कल्याण ते मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांना. दुर्गम पाड्यांवर इथेही उन्हाळ्यात टंचाई असते.

दोन्ही गावांच्या मुख्य वस्तीत नळाचं पाणी आहे, पण नव्या गृहसंकुलांचा मोठा भाग वस्तीबाहेर असतो. तिथे पाणी बोअरचं की ग्रामपंचायतीच्या योजनेचं, हा प्रश्न बिल्डरला विचारण्यापेक्षा तिथे आधीच राहणाऱ्यांना विचारावा. आणि घर बघायला ऑगस्टमध्ये जाऊ नये. ऑगस्टमध्ये सगळंच छान दिसतं. मे महिन्यात जावं.

शाळा आणि दवाखाना

बारावीपर्यंतचं शिक्षण दोन्हीकडे होऊ शकतं. मराठी शाळा आहेत, इंग्रजी माध्यमाच्याही आहेत. शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, आसनगाव-सापगाव परिसरात इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. मुरबाड तालुक्यात शिवळे इथलं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय जुनं आणि परिचित आहे. मात्र मुलाला किंवा मुलीला विशिष्ट अभ्यासक्रम, मोठे क्लासेस हवे असतील तर कल्याण गाठावंच लागतं. इथे लोकलचा मुद्दा पुन्हा येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने संध्याकाळी सातचा क्लास संपवून आसनगावची गाडी पकडणं आणि मुरबाडची शेवटची एसटी पकडणं, यात कोणता पर्याय घरच्यांना जमेल याचा विचार आधीच करावा.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. गंभीर रुग्णाला दोन्हीकडून कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याला हलवावं लागतं. घरात वयस्कर आई-वडील असतील, डायलिसिस किंवा हृदयविकाराचे उपचार सुरू असतील, तर रात्री अडीच वाजता गाडी कोण चालवणार हा प्रश्न फ्लॅटच्या चौरस फुटांपेक्षा मोठा आहे.

कागद बघताना

फ्लॅट घेत असाल तर महारेरा नोंदणी तपासावी. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि त्यात आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी लागतेच.

प्लॉट घेताना धोका जास्त. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधली काही गावंही येतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. सातबाऱ्यावर ‘खासगी वन’ अशी नोंद आहे का, जागा तानसा अभयारण्याच्या परिसरात येते का, हेही बघावं. मुरबाडमध्ये प्रस्तावित काळू धरणाचा प्रश्न आहे. परवानग्यांविना सुरू झालेलं त्याचं काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवलं होतं. त्या खोऱ्यात जागा घेताना ती प्रस्तावित बुडीत क्षेत्रात येते का, याची चौकशी करावी. आणि शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती सहसा थेट घेता येत नाही. ‘नंतर एनए करून देतो’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत.

मग कोणी कुठे जावं?

घरातल्या एकालाही रोज ठाणे-मुंबई गाठायची असेल, तर शहापूर. त्यातही आसनगाव स्टेशनला चालत किंवा एका रिक्षात पोहोचता येईल असं घर. स्टेशनपासून दहा-बारा किलोमीटर आत गेलात तर शहापूरचा मुख्य फायदाच हातातून जातो.

नोकरी-व्यवसाय कल्याण, उल्हासनगर, बदलापूर किंवा मुरबाड एमआयडीसीत असेल, घरी स्वतःचं वाहन असेल किंवा घरूनच काम होत असेल, तर मुरबाड चालेल. गावाची लय संथ आहे, बाजारपेठ आटोपशीर आहे. पौषात भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेपासून गोरखगडाच्या ट्रेकपर्यंत मुलांना दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. शहापूरकडे माहुली आहे, मुरबाडकडे सिद्धगड. निसर्गाच्या परीक्षेत दोघांनाही पैकीच्या पैकी गुण.

निर्णय होत नसेल तर एक सोपा उपाय आहे. टोकन देण्याआधी सहा महिने भाड्याने राहावं आणि त्या सहा महिन्यांत मे आणि जुलै दोन्ही यावेत असं बघावं. भाड्यात गेलेले पैसे वाया गेल्यासारखे वाटतील, पण वीस वर्षांच्या हप्त्यापुढे ती रक्कम फारच किरकोळ आहे.