एस.टी.ने घाट चढताना

पर्यटन म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे स्वतःची मोटार, द्रुतगती मार्ग आणि ठरल्या वेळी गाठलेले हॉटेल उभे राहते. एस.टी.ची साधी लाल गाडी त्याच्या लेखी नाइलाजाची. वास्तविक सह्याद्री ओलांडताना मुलूख कसा पालटत जातो, हे पाहायचे असेल तर तिच्याइतके सोयीचे वाहन नाही. तिची बैठक उंच असल्याने कठड्यापलीकडची दरी खिडकीतून सहज दिसते. मोटार हाकणाऱ्याला मात्र तीच दरी पाहण्याची चोरी असते.

तत्कालीन मुंबई प्रांताच्या सरकारी बससेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व नगर (आताचे अहिल्यानगर) या शहरांदरम्यान धावली. किसन राऊत तिचे चालक, तर लक्ष्मण केवटे वाहक होते. १९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांचे नाव घेऊन 'एशियाड' आली, पुढे वातानुकूलित 'शिवनेरी' आली आणि २०२२मध्ये त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. या गाड्या आरामदायी खऱ्या. परंतु बंद काचांआड प्रदेशाचा वास येत नाही.

घाटातल्या प्रवासाची गोडी अनुभवण्यासाठी चिपळूण-कऱ्हाड हा कुंभार्ली घाटाचा मार्ग निवडावा. भल्या सकाळी चिपळूण सोडले की वाशिष्ठीच्या खोऱ्यातून, आंबा-फणसाच्या सावलीतून आणि तांबड्या मातीतून गाडी पोफळीपर्यंत येते. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. इथे चालक खालचा गिअर टाकतो, इंजिनाचा सूर बदलतो आणि गप्पांत रंगलेली गाडी काही क्षण गप्प होते.

या चढणीचे एक वैशिष्ट्य खिडकीतून दिसत नाही, ते ठाऊक असावे लागते. कोयना ही खरे तर पूर्ववाहिनी कृष्णेची उपनदी. परंतु धरणामागच्या शिवसागर जलाशयातले काही पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडले जाते, पोफळी परिसरातील भूमिगत वीजगृहांत त्यावर वीज तयार होते आणि अखेर ते वाशिष्ठीला मिळते. म्हणजे गाडी ज्या डोंगराच्या अंगावरून वर चढत असते, त्याच डोंगराच्या आतून कोयनेचे पाणी कोकणात उतरत असते. घाटमाथा ओलांडून हेळवाकला आले की मूळची कोयना भेटते. महाबळेश्वराकडून दक्षिणेला आलेली ही नदी येथे पूर्वेकडे वळते आणि रस्ताही तिच्या सोबतीने पाटणकडे निघतो. दमट हवा मागे पडलेली असते. कौलांचा उतार कमी होत जातो, भातखाचरांची जागा ऊस घेतो, गाडीत चढणाऱ्यांच्या बोलीतला कोकणी हेल जाऊन घाटावरचा ठसका येतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. याच प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. एका सकाळच्या तिकिटात एवढा भूगोल पदरात पडतो.

गाडीच्या आतला मुलूखही कमी पाहण्याजोगा नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे हा येथला अलिखित कायदा. आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर आमदार सोडून सर्व जण बसलेले आढळतात. वाहकाने घंटी एकदा वाजवली की थांबायचे, दोनदा वाजवली की निघायचे. चिमट्याने तिकिटे टोचणे गेले आणि यंत्रे आली तरी ही भाषा टिकून आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांसाठी घरून निघालेला जेवणाचा डबा वर्षानुवर्षे याच गाडीने पोहोचला आहे. म्हणूनच ती मध्ये मध्ये थांबते म्हणून चिडणाऱ्याने तिच्यात बसू नये. ती पर्यटकासाठी निघालेली नसते. पर्यटक तिच्यात पाहुणा असतो.

हे नाते किती खोल आहे, ते दोन प्रसंगी दिसले. जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणचे आगार बुडाले, तेव्हा तेथील आगार व्यवस्थापक तिकिटांची रोकड वाचविण्यासाठी बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले. त्याच वर्षीच्या अखेरीस महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत लांबला. शहरात त्याची झळ बातमीपुरती होती. आडगावात मात्र रात्री मुक्कामाला येऊन पहाटे परत जाणारी गाडीच बंद पडली. शाळा, दवाखाना, बाजार हे सारे त्या एका फेरीला बांधलेले असते. अशी फेरी प्रवासी कमी म्हणून एकदा रद्द झाली की पुन्हा सुरू होणे कठीण. सुटीवर निघालेल्या शहरी माणसाने काढलेले तिकीटही त्या फेरीच्या हिशेबात जमा होते, ही गोष्ट लहान नव्हे.

अनेक दिवसांच्या भटकंतीसाठी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना आहे. पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो आणि गाडीच्या प्रकारानुसार दर बदलतो. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, तर मार्च २०२३पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत देण्यात आली. घाटवाटांसाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. डोंगर तेव्हा हिरवेच असतात आणि दरडींची धास्ती कमी झालेली असते. भर पावसात निघायचेच असेल, तर घाट सुरू असल्याची खात्री आधी स्थानकावरील चौकशी खिडकीवर करावी. प्रवास दिवसाचाच ठेवावा. मागचे बाक टाळावे, घाटातील प्रत्येक वळण तेथे दुप्पट लागते. सुटे पैसे मात्र जवळ असू द्यावेत. वाहकाशी स्नेह जुळण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.