टोपीचं रिव्हॉल्व्हर आणि एक पेटंट

मंडळी, एखादं तंत्र उशिरा आलं असं आपण सहज म्हणतो. ते कशामुळे अडलं, हे मात्र विचारत नाही. आज अमेरिकेतल्या रिव्हॉल्व्हरचं उदाहरण घेऊ.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ते कागदाचं काडतूस. त्या काळी कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या एकेका घरात पुढून ठासावी लागे. मागे प्रत्येक घराला तांब्याची छोटी टोपी. घोडा टोपीवर आपटला की बार उडायचा. सहा बार झाले की पुन्हा सगळी ठासाठास. धातूच्या काडतुसात टोपीचा मसाला, दारू आणि गोळी एकत्रच असतात. पण ते मागून भरायचं, म्हणजे सिलिंडरची घरं आरपार हवीत.

नेमकं तिथेच अडलं. आरपार घरांच्या सिलिंडरचं पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइटला मिळालं होतं. हा पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला माणूस. स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याच्याकडून हक्क घेतले, दर नगामागे २५ सेंट देऊन. मात्र नक्कल करणाऱ्यांवरचे खटले व्हाइटने स्वखर्चाने लढवायचे! त्यामुळे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात धातूचं काडतूस उपलब्ध असूनही सैन्याची बहुतेक रिव्हॉल्व्हरं टोपीचीच राहिली.

१८६८ मध्ये रेमिंग्टनने रीतसर पैसे मोजून आपली जुनी रिव्हॉल्व्हरं बदलायला घेतली. कोल्टने पळवाट काढली. थ्यूअर या त्यांच्या कारागिराने पुढूनच भरायचं निमुळतं काडतूस बनवलं. पेटंट मोडलं नाही, पण लोकांनाही ते फारसं रुचलं नाही.

१८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. व्हाइटने ती वाढवून मागितली. काँग्रेसने विधेयक मंजूर केलं, पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारलं. युद्धात या पेटंटमुळे सरकारची अडचण झाली, असं सैन्याच्या शस्त्रखात्याचं म्हणणं होतं.

मग वाट मोकळी झाली. १८७१ मध्ये चार्ल्स रिचर्ड्सच्या पद्धतीने जुन्या सिलिंडरचा मागचा भाग कापून तिथे कडं बसवलं, भरण्यासाठी बाजूला झडप ठेवली. ठासायच्या दांड्याच्या जागी रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी सळई आली. सैन्याची सुमारे १२०० रिव्हॉल्व्हरं अशी बदलली गेली. पुढे विल्यम मेसनने त्यात सुधारणा केली, आणि १८७३ मध्ये कोल्टचं मुळातच काडतुसाचं नवं रिव्हॉल्व्हर सैन्यात आलं.

आता दोष कुणाला द्यायचा? व्हाइटला? त्याची बरीच कमाई कोर्टकचेरीत गेली. पेटंट संशोधकाचं रक्षण करतं म्हणतात. इथे फायदा प्रामुख्याने हक्क विकत घेणाऱ्याचा झाला, आणि किंमत टोपी बसवत राहिलेल्या शिपायाने मोजली. औषधांच्या पेटंटवर आज वाद होतात तेव्हा आपण हाच हिशेब मांडावा: हक्क कुणाच्या नावावर आहे, लाभ कुणाला होतोय, आणि थांबावं कुणाला लागतंय.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.