रबरसिंगच्या सायकली

जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात जीर्णोद्धार झालेला ‘शोले’ दाखवला गेला, ठाकूर गब्बरला मारतो त्या मूळ शेवटासह. साक्रीत बसून ती बातमी वाचताना मालेगाव आठवलं. कागदोपत्री नाशिक जिल्हा, पण नातं खान्देशाशी.

तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च 50 हजारांच्या आसपास. नट गावातलेच, कोणी यंत्रमागावरचे. गब्बरचा झाला रबरसिंग, बसंतीची बासमती. डाकू आले सायकलींवर. घोडे परवडत नव्हते, पण दरोडा तर घालायचाच होता! हसू येतं ते डाकूंच्या गांभीर्यामुळे. ते पायडल मारताना जराही लाजत नाहीत.

‘शोले’ची जुनी रिळं लंडनच्या गोदामातही सापडली. मालेगावकडे निगेटिव्हच नव्हती, होती व्हिडिओ फीत. कॉपीवरून कॉपी निघाली की चित्र फिकटतं, फितीला बुरशीही धरते. या मंडळींवर माहितीपट झाला, 2025 मध्ये रीमा कागती यांचा चित्रपटही आला. त्यांच्या सुपरमॅनचं काम करणारे शफीक शेख 2011 मध्ये कर्करोगाने गेले होते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात 1964 पासून आहे. मालेगावहून तिथवर एक कॅसेट एसटीने, कापडी पिशवीत घालूनही नेता येते.