जर्मन खिडकीची मूठ

महाराष्ट्रातील वाडे, चाळी आणि नंतरच्या इमारती यांच्या खिडक्यांना चौकटीतच लोखंडी गज बसवण्याची रीत असल्यामुळे तेथील कडी-खिटीकडे मुख्यतः वारा-पाऊस अडवण्याचेच काम राहिले. चोराची आणि लहान मुलांची काळजी गजांनी वाहिली. मध्य युरोपातील वरच्या मजल्यांवर मात्र बहुधा गज नसतात, आणि ही सारी जबाबदारी झडपेवरील एका मुठीवर येऊन पडते. जर्मनीत नव्याने गेलेल्या माणसाला गोंधळात टाकणारी ‘ड्रे-किप’ खिडकी, म्हणजे एकाच मुठीने दारासारखी उघडणारी आणि वरून आत कलणारीही खिडकी, याच परिस्थितीत समजून घ्यावी लागते.

तिची पूर्वपीठिका जुनी आहे. फ्रान्समध्ये उंच, दोन झडपांच्या खिडक्या रूढ झाल्यावर वर एक आणि खाली एक अशा खिट्या लावणे गैरसोयीचे ठरू लागले, म्हणून झडपेच्या पूर्ण उंचीची एक फिरती सळई बसवण्यात आली. मधली मूठ वळवली की सळईच्या टोकांचे आकडे चौकटीत अडकत. या साधनाला एस्पान्योलेत म्हणतात. पुढे आलेल्या क्रेमोनमध्ये सळई फिरण्याऐवजी दोन सळया वर-खाली सरकू लागल्या. मधल्या एका मुठीने दूरची टोके बंद करण्याची ही कल्पनाच आजच्या जर्मन खिडकीचा गाभा आहे.

पूर्ण झडप उघडली तर हिवाळ्यात खोलीची ऊब निघून जाते आणि मुळीच न उघडावी तर हवा कोंडून भिंतींना ओल येते, या पेचावर वरच्या बाजूला कलती छोटी झडप वेगळी बसवणे हा एक जुना उपाय होता. दोन्ही हालचाली एकाच झडपेत आणणारे आणि कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होणारे साहित्य विल्हेल्म फ्रांक यांनी 1935 मध्ये श्टुटगार्ट परिसरात बाजारात आणले. झडपेच्या कडेच्या खाचेतून सरकपट्ट्या फिरवलेल्या असतात आणि मूठ वळवताच त्यांवरील खुंट्या चौकटीतील खोबणींत शिरतात किंवा त्यांतून सुटतात. मूठ खाली असताना खिडकी बंद राहते; ती आडवी केल्यास बाजूच्या बिजागऱ्यांवर झडप आत उघडते; वर केल्यास खालची कड धरून ठेवली जाते आणि वरचा भाग एका दुमडत्या पट्टीच्या आधाराने थोडासा आत कलतो.

झडप उघडी असतानाच मूठ वर फिरवली गेली तर वरचा कोपरा सुटून सगळी झडप अंगावर येत असल्याचे दिसते. ती खालच्या बिजागरीवर आणि वरच्या पट्टीवर तरलेली असते, तरी वजनदार काचेची झडप तशी लोंबकळताना पाहून कोणीही घाबरावे. अनेक खिडक्यांत यासाठी झडप उघडी असेपर्यंत मूठ अडवून धरणारा खटका बसवलेला असतो. वापरणाऱ्याच्या चुकीचा विचार बनवणाऱ्यानेच करून ठेवावा, हा त्यामागचा दृष्टिकोन निःसंशय शहाणपणाचा आहे.

लहान मुलांचा प्रश्न मात्र इतक्याने सुटत नाही. न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून पडून मुले दगावत असल्यामुळे 1972 मध्ये ब्राँक्स भागात जनजागृतीची आणि खिडकीरक्षक गज पुरवण्याची मोहीम सुरू झाली, आणि 1976 मध्ये दहा वर्षांपर्यंतची मुले राहत असलेल्या बहुकुटुंबी इमारतींत असे गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. म्हणजे अमेरिकेतील त्या शहराने गजांचाच मार्ग धरला. जर्मन पद्धतीत कुलूप मुठीतच आले. शाळांसारख्या ठिकाणच्या काही खिडक्यांत क्रम उलटा असतो: मूठ आडवी केल्यास झडप फक्त कलते, आणि पूर्ण उघडण्यासाठी किल्ली लागते. कलती खिडकीही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. तिच्या वर रुंद आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत अडकून जखमी झालेली मांजरे तेथील पशुवैद्यांना चांगलीच परिचित आहेत.

अशा खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्याने प्रथम मुठीत किल्लीचे छिद्र आहे का ते पाहावे, प्रत्येक वेळी झडप चौकटीला पूर्ण टेकवूनच मूठ वळवावी, आणि मूठ अडली तर जोर लावू नये.