लश्करची छापील आठवण

दौलतगंजात राहणाऱ्या आपण ‘लश्करच्या’ म्हणवतो. पण लश्कर म्हणजे फौज! 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची फिरती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि हळूहळू तंबूंच्या जागी घरं उभी राहिली. त्याआधीची छावणी बघायची, तर मात्र लंडनला छापलेलं एक पुस्तक उघडावं लागतं.

1803 च्या युद्धात शिंद्यांचा पराभव झाला. पुढे त्यांच्या छावणीत इंग्रज रेसिडेंट राहू लागला. त्याच्या रक्षक तुकडीचा अधिकारी थॉमस ब्रॉटन याने 1809 साली छावणीतून लिहिलेली पत्रं 1813 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. सोबत दहा रंगीत चित्रं होती. मूळ चित्रं दीन अली या इथल्याच चित्रकाराची. तिकडच्या कारागिरांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी चिकटवायची, तेजाबाने पत्रा कमीजास्त खायला द्यायचा, म्हणजे फिकट-गडद छटा उमटतात. मग कागदावर ठसा घेऊन रंग हाताने भरायचे. एवढं होऊनही शीर्षकपानावर दीन अलीचं नाव नाही. नुसतंच ‘देशी चित्रकार’.

ब्रॉटन जेत्यांच्या बाजूचा. त्याचे शेरे बोचरे आहेत, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण त्याने लढाईपेक्षा शिपायांचा संसार जास्त पाहिला. मुक्कामाच्या जागी बिनीवाला आधी पोचून महाराजांच्या डेऱ्यासाठी पांढरं निशाण रोवी. मग बाजार मांडले जात. दाणा-पाणी पुरवणारा वाणी फौजेबरोबरच चाले. पगार थकले की शिपाई धरणं धरून बसत.

आणि त्यातच जोरावर सिंह भेटतो. हा शिपाई खरं तर एक तरुण मुलगी! कर्जापायी भाऊ भोपाळात कैदेत पडलेला. त्याला सोडवण्यापुरते पैसे जमवायचे, म्हणून ती पुरुषवेषात पलटणीत भरती झाली. राज्य जिंकायला नव्हे, घरचं देणं फेडायला तिने बंदूक उचलली.

आपल्या घराण्यांत पेढ्या चालत आल्या आहेत. कर्ज माणसाला कुठवर नेतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मुलं ‘लश्कर’ नावाचा अर्थ विचारतील, तेव्हा तोफा-हत्तींबरोबर थकलेला पगार आणि या बहिणीचं देणंही सांगा. आणि दीन अलीचं नाव तेवढं आठवणीने घ्या.