चांदीपुरा : ३८ वर्षे दप्तरात पडून राहिलेला विषाणू

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ पसरली. पुढे निष्पन्न झाले त्याप्रमाणे ती मुख्यतः चिकुनगुन्या आणि डेंग्यूची होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतील दोन रुग्णांच्या नमुन्यांत मात्र या दोहोंपैकी काहीच नव्हते. होता तो एक अनोळखी विषाणू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा थर तो विलक्षण वेगाने उद्ध्वस्त करीत असे.

पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. विषाणूला ज्या ठिकाणी तो सापडला त्याचे नाव देण्याची तेव्हा पद्धत होती. त्यानुसार नागपूरकडील चांदीपुरा हे नाव त्याला कायमचे चिकटले. नोंदीत आजार म्हणून ‘ताप’ एवढाच उल्लेख होता. मेंदूचा उल्लेख नव्हता, मुलांचाही नव्हता.

हे केंद्र काय होते, हे इथे पाहिले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये ते पुण्यात स्थापन केले (१९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजेच एनआयव्ही, म्हणून ओळखले जाते). डास, गोचीड, माश्या यांच्यामार्फत पसरणारे विषाणू जगभरातून शोधून त्यांची सूची करायची, असा तो मोठा कार्यक्रम होता. सूची करणारा माणूस जे मिळेल ते टिपून ठेवतो. प्रत्येक नोंदीचा अर्थ त्याच दिवशी लागतोच असे नाही. चांदीपुरा असाच टिपला गेला, आणि बासनात बांधला गेला.

पुढची नोंद मराठवाड्यातली आहे. १९७० मध्ये व्ही. धांडा, रॉड्रिग्ज आणि एस. एन. घोष यांचा अवघ्या दोन पानांचा शोधनिबंध आला : औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पकडलेल्या वाळूमाश्यांत चांदीपुरा विषाणू आढळला होता. हा विषाणू कोणत्या कीटकात राहतो याचा पहिला भक्कम धागा त्या दोन पानांत होता.

वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची. डासाहून लहान, भुरकट, केसाळ. तिला लांब उडता येत नाही. ती टुणटुण उड्या मारत जाते. ओलसर माती, शेणकचरा, गोठ्याचा कोपरा आणि भिंतीतल्या भेगा ही तिची घरे. मराठवाड्यातील जुने घर ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावे लागणार नाही. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, आतल्या अंगाला अंधार, शेजारीच जनावरे. बीडजवळ बिंदुसरेच्या तलावाकाठचे पाली असो की गोदावरीकाठचे एखादे गाव, असे घर या साऱ्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले. उन्हाळ्यात ते गार राहते हा त्याचा गुण. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या भेगांत ओल धरते, हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा. दरवर्षी घर लिंपून सारवण्याची जी रीत होती, तिने या भेगा बुजत असत. गरिबाच्या, कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्याच्या घराला ते लिंपण वेळेवर मिळतेच असे नाही.

इथे एक विसंगती आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. लक्ष्य डास होता, पण त्याच भिंतींवर विसावणाऱ्या वाळूमाश्याही मेल्या. बिहारमध्ये वाळूमाशीमुळेच पसरणारा काळा आजार त्या काळात जवळजवळ नाहीसा झाला, आणि फवारणी थांबल्यावर १९७० च्या दशकात तो परतला. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डागांनी आणखी कोणकोणते आजार आपल्या नकळत अडवून धरले होते, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यानंतर चांदीपुराबद्दलच्या नोंदी तुरळक होतात. १९८० मध्ये रायपूर येथे मेंदूच्या तीव्र आजाराच्या रुग्णाच्या रक्तातून तो वेगळा करण्यात आला. हा निबंध १९८३ चा. म्हणजे ‘ताप’ या शब्दापलीकडचे काहीतरी प्रथमच कागदावर आले. त्याच वर्षी रॉबर्ट टेश आणि गोविंद मोदी यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की वाळूमाशीची मादी हा विषाणू आपल्या अंड्यांतून पुढच्या पिढीला देऊ शकते. दोन साथींच्या मधल्या काळात तो कुठे दडून राहतो, या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्यात होते. पण साथच कोणाला दिसलेली नव्हती, त्यामुळे प्रश्नही कोणी विचारला नाही.

मग २००३ चा पावसाळा आला.

जून ते ऑगस्ट या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, विशेषतः करीमनगर, वरंगळ या तेलंगणातील जिल्ह्यांत, मुले दगावू लागली. संध्याकाळी खेळणारे मूल रात्री तापाने फणफणे. उलट्या, झटके, मग बेशुद्धी. अनेकदा २४ ते ४८ तासांत सर्व संपे. नोंदवलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ मरण पावली. त्याच हंगामात महाराष्ट्रातही असे रुग्ण आढळले. पहिला संशय साहजिकच जपानी मेंदूज्वरावर गेला, कारण त्याच्याशी त्या भागाची जुनी ओळख होती. तपासण्या त्याला दुजोरा देईनात.

पुण्याच्या एनआयव्हीने सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बंदुकीच्या गोळीसारखा आकार दिसला. रेबीजच्या विषाणूचे कुळ असेच दिसते. जुन्या संग्रहातील प्रतिद्रव्यांशी जुळवून पाहिल्यावर नाव निघाले : चांदीपुरा. एका मृत मुलाच्या मेंदूतही तो सापडला. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे सर्व प्रसिद्ध झाले.

सगळ्यांना ते पटले असे मात्र नाही. आंध्रातील काही बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन पाहून वेगळी मांडणी केली : ही मेंदूची दाहयुक्त सूज नसून रक्तवाहिनी बंद पडल्यासारखा, पक्षाघातासारखा आघात आहे. विषाणू खरोखर कारण आहे की केवळ सोबतीला आहे, असाही प्रश्न आला. हा वाद नुसता शब्दांचा नव्हता. सूज असेल तर उपचार एक, रक्तवाहिनीचा आघात असेल तर दुसरा. पुढच्या साथींत तोच विषाणू पुन्हा पुन्हा सापडत गेला, तेव्हा कारणाबद्दलचा संशय बराच ओसरला. मूल इतक्या लवकर का जाते, हा भाग आजही पूर्णपणे उलगडलेला नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला खरा रस वाटावा असा टप्पा यानंतर येतो. पुण्याच्या शीतपेट्यांत १९६५ चा मूळ विषाणू अजून जपून ठेवलेला होता. २००३ च्या रुग्णांतील विषाणूचा जनुकक्रम त्याच्या शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहता येत होता.

हे काम पोथीच्या संपादनासारखे असते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, कारण नकला करताना लेखनिकांच्या हातून चुका होत गेल्या होत्या. चांदीपुराचा जनुकीय मजकूर आरएनएचा, सुमारे ११ हजार अक्षरांचा. त्याची नकल करणारे प्रथिन हा एक निष्काळजी लेखनिक आहे. केलेली चूक तो परत तपासत नाही. त्यामुळे पाठभेद साठत जातात, आणि पाठभेद मोजून दोन प्रतींमधले अंतर सांगता येते.

तपासलेल्या नमुन्यांत १९६५ च्या विषाणूशी ९६.७ ते ९७.५ टक्के साम्य निघाले. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन जनुकांची अधिक बारकाईने तुलना केली. बदल होते, त्यांतले काही पेशीला चिकटण्यासाठी लागणाऱ्या बाह्य प्रथिनात होते. पण अगदी नवा, कुठूनतरी अचानक उपटलेला विषाणू तो नव्हता. ३८ वर्षांपूर्वी दप्तरी दाखल झालेलाच तो होता.

मग मधल्या वर्षांत मुले मरत नव्हती काय? या प्रश्नाचे निश्चित उत्तर देता येत नाही. पण दप्तर गप्प का राहिले असावे, याचे एक कारण सांगता येते. त्या काळातील निदान मुख्यतः प्रतिपिंडांवर अवलंबून असे. विषाणू शिरल्यावर शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती रक्तात शोधायची. ती तयार होण्यास काही दिवस लागतात, आणि चांदीपुराचे मूल दुसऱ्याच दिवशी गेलेले असते. तपासणी ‘नकारार्थी’ येणार आणि नोंदवहीत ‘मेंदूज्वर, कारण अज्ञात’ असे लिहिले जाणार. खेड्यातून दवाखान्यापर्यंत न पोचलेल्या मुलाची तर तेवढीही नोंद नाही. विषाणूचा आरएनए थेट शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी हाती आल्यावरच हे मौन फुटले. एनआयव्हीने चांदीपुरासाठीची अशी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध केली.

रेणूंच्या पातळीवर हा शत्रू आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. त्याच्याजवळ फक्त पाच प्रथिने आहेत. जी हे प्रथिन बाहेरच्या बाजूस असते आणि पेशीचे दार उघडते. एन हे आरएनएभोवती गुंडाळलेले वेष्टन. एल म्हणजे तो लेखनिक, पी त्याचा मदतनीस, आणि एम सर्व सामान बांधून नवी गोळी तयार करते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की संसर्ग झालेल्या चेतापेशी एका विशिष्ट मार्गाने स्वतःच स्वतःचा अंत घडवतात. पेशीच्या पृष्ठभागावर फास नावाचा एक ग्राहक असतो. तो चेतवला गेला की आत मरणाची साखळी सुरू होते. योगायोगाने मराठी कानाला त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

याच ज्ञानातून उपचारांचे प्रयत्न निघाले. मदतनीस पी नसेल तर लेखनिक लंगडा पडेल, या विचाराने सत्येंद्र कुमार आणि अरणकल्ले यांनी पी जनुकाचा संदेश नष्ट करणारे आरएनएचे लहान तुकडे बनवले आणि उंदरांच्या मेंदूत सोडले. प्राणघातक संसर्गातून उंदीर वाचले. हा निबंध २०१० चा. प्रयोग देखणा आहे, पण औषध थेट कवटीच्या आत पोचवावे लागत होते. तालुक्याच्या रुग्णालयात मध्यरात्री आणलेल्या, झटके येत असलेल्या मुलावर ते कसे वापरणार? २०११ मध्ये त्याच संस्थेने मृत विषाणूपासून बनवलेल्या लसीचा प्राथमिक नमुनाही प्रसिद्ध केला. उंदरांवरील निष्कर्ष आशादायक होते.

त्यानंतर ती लस बाजारात आली नाही. याला केवळ विज्ञानाची अडचण म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हा आजार काही राज्यांत, काही जिल्ह्यांत, काही आठवड्यांपुरता येतो, आणि तो मातीच्या घरांतल्या मुलांना होतो. अशा लसीला खरेदीदार सरकारच असू शकते, आणि ज्या वर्षी साथ नसते त्या वर्षी सरकारला तिची आठवण राहत नाही.

साथ मात्र येत राहिली. २००४ मध्ये गुजरातमध्ये. २००७ मध्ये ती नागपूर विभागात आली, म्हणजे विषाणूच्या जन्मनोंदीच्या गावी : मेंदूज्वराचे ७८ रुग्ण, मृत्युदर ४३.६ टक्के, त्यांतील ३९ जणांत चांदीपुरा सिद्ध. या वेळी काय शोधायचे हे ठाऊक होते, म्हणून तो सापडला.

२०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा गुजरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला. वीस वर्षांतील हा सर्वांत मोठा उद्रेक होता. उपचार काय दिले गेले? ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूवरची सूज कमी करणे, लागल्यास कृत्रिम श्वास. विषाणूवर थेट चालणारे मान्यताप्राप्त औषध तेव्हाही नव्हते, लसही नव्हती. आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरून भिंतींच्या भेगा आणि गोठे फवारत होते. कीटकनाशक बदलले असेल, पण त्यांच्या पंपाचा रोख १९५३ च्या फवारणीवाल्यांच्याच भिंतींकडे होता.